तव्यासमोरचे फोड

मावशीच्या गालांवरचे फोड चैत्रात येतात आणि दिवाळीनंतर विरतात. सोलापुरात तिची खानावळ आहे. सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत ती भाकरीच्या तव्यासमोर असते. फोड खिचडीतल्या साबुदाण्यासारखे, आरपार उजेड जाईल असे. ना दुखत, ना खाजत. पण जेवायला आलेलं एखादं पोर ‘काकू, तोंडाला काय झालं?’ म्हणतं आणि ती पदर गालावर ओढून घेते. ते पाहून माझ्या पोटात तुटतं.

उजव्या पापणीच्या कडेवरचा एक मात्र थंडीतही गेला नाही. वाढून मटकीएवढा झाला, निळसर दिसू लागला. शेजारणींनी रांजणवाडी म्हणून लवंग उगाळून दिली. रांजणवाडी लाल होते, ठणकते. हा गप्प बसून होता. एका दवाखान्यात सुईने टोचून पाणी काढलं, तर तीन आठवड्यांत तो पुन्हा भरला. पाणी गेलं तरी पिशवी आतच होती, आणि पाझर त्या पिशवीच्या अस्तरालाच असतो.

नंतर दाखवलं त्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी बाजूने बारीक बॅटरी धरली, तेव्हा फोड कंदिलासारखा उजळला. आतलं पाणी निळं नसतं, पातळ कातडीखाली विखुरलेला प्रकाश तसा दिसतो, असं त्यांनी सांगितलं. याला हायड्रोसिस्टोमा म्हणतात. नावातला ‘हायड्रो’ पाण्याचा नव्हे. ग्रीकमध्ये ‘हिड्रोस’ म्हणजे घाम.

तो फोड काढताना मला शेजारी उभं राहू दिलं. थेंब टाकून डोळा बधिर केला, मग पापणीत भुलीची बारीक सुई. डॉक्टरबाईंनी भिंगाचा चष्मा चढवला आणि फोडाच्या माथ्यावर नव्हे, कडेला छेद घेतला. पुढची वीस मिनिटं कात्री कापण्यापेक्षा उघडण्याचंच काम जास्त करत होती: मिटलेली टोकं आत सरकवायची, हलकेच फाकवायची, की कातडी आणि पिशवी आपोआप सुटी होतात. पिशवीची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ती फुटली तर पाणी वाहून जातं, भिंत चोळामोळा होऊन मांसात हरवते आणि उरलेल्या तुकड्यातून गाठ परत येते. शिवाय कडेवर जास्त कापलं तर पापणीला खाच पडते, पापण्यांचे केस जातात. शेवटी पिशवी अख्खी सुटली. चिमट्यात भरलेली, थरथरणारी. मी इतका वेळ श्वास रोखला होता हे तेव्हा कळलं. फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून ती तपासणीला गेली. जखमेला टाका लागला नाही, फक्त मलम.

रिपोर्टात कर्करोगाचं काही नव्हतं. पापणीच्या केसांच्या मुळांशी घामाच्याच घराण्यातल्या, पण वेगळ्या ग्रंथी असतात. मॉल नावाच्या डच नेत्रवैद्याच्या नावाने त्या ओळखल्या जातात. ही गाठ तिथली. गालांवरचे फोड साध्या घामग्रंथींचे: नळीतून घाम बाहेर पडत नाही, नळी फुगते, आणि उष्णतेत जास्तच फुगते. न्यूयॉर्कच्या रॉबिन्सन या त्वचावैद्याने 1893 साली याच गाठींवर लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर होत्या वाफेत आणि चुलीपाशी राबणाऱ्या बायका. धुणेवाल्या, स्वयंपाकिणी. हे वाचलं आणि मला तवाच दिसला.

‘मग गालाचेपण काढा की,’ मावशी म्हणाली. बारीक सुईने जाळता येतात, पण धग तीच राहिली तर नवे येतात, असं उत्तर मिळालं. घाम रोखणारं अ‍ॅट्रोपिनचं मलम असतं; त्याने तोंडाला कोरड पडू शकते, नजर धूसर होऊ शकते. दिवसाला दीडशे भाकऱ्या थापणाऱ्या बाईला ते परवडणारं नव्हतं.

पंखा लावावा तर गॅसची आच विझते. म्हणून आम्ही तवा खिडकीखाली हलवला, बर्नरच्या बाजूला पत्र्याचा आडोसा केला आणि पंखा तिच्या तोंडाच्या उंचीवर भिंतीला बसवला. गेल्या वैशाखात मी चौदा फोड मोजले होते. यंदा नऊ आहेत.