हिवाळी वारा आणि तीन नंबरचा बावटा

थंडी पडली, आंब्याला मोहोर आला की समुद्रही निवला असे आपण धरून चालतो. लक्षद्वीपच्या बेटांकडे मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हाच काळ जपून राहण्याचा. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची काही क्षेत्रे श्रीलंकेला वळसा घालून तिकडे सरकतात.

२०१७ चे ओखी वादळ आठवा. २९ नोव्हेंबरला ते श्रीलंकेजवळ नुसते कमी दाबाचे तीव्र क्षेत्र होते, ३० ला सकाळी कन्याकुमारीजवळ त्याचे चक्रीवादळ झाले. मधे जेमतेम एक दिवस! पुढे लक्षद्वीप परिसरात वारा ताशी १५० किलोमीटरच्या घरात गेला. केरळ-तामिळनाडूच्या बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. तिथे मोबाईल लागत नाही. शेकडो माणसे परतली नाहीत. साठाहून अधिक बोटी भरकटत आपल्या देवगडला आल्या, म्हणून त्यांतले नऊशेवर मच्छीमार वाचले.

अंदाज कसा काढतात? नकाशावर समान दाबाच्या रेषा जितक्या जवळ, तितका वारा जोरात. बेटांवर वेधशाळा मोजक्या, मिनिकॉय, अमिनी अशा. मधल्या पाण्यावर उपग्रह लाटांच्या खरखरीतपणावरून वारा मोजतो. २०२२ साली सोडलेल्या ओशनसॅट-३ वर असे यंत्र बसवले आहे.

आता सूचना नीट वाचा. 'ताशी ४५ ते ५५, झोत ६५' यातला ६५ चा झोतच होडी उलटवतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे विसरू नका. बंदरावर तीन नंबरचा बावटा म्हणजे वादळी वाऱ्याचा धोका. तो दिसला की होडी लोटू नये.

चार-पाच दिवसांसाठी जाणाऱ्यांनी फक्त आजचा नव्हे, परतीच्या दिवसापर्यंतचा अंदाज विचारून घ्यावा. २०१९ मध्ये आलेले 'जेमिनी' यंत्र उपग्रहावरून सूचना घेऊन मोबाईलवर दाखवते, नेटवर्क नसले तरी. मात्र त्यावरून उलट निरोप धाडता येत नाही. तेव्हा कुठे जातो, कधी येणार, हे किनाऱ्यावर सांगूनच निघावे.

ग्रामसेवक, सरपंच मंडळींना विनंती : सूचना फाईलला लावू नका. होड्या सुटण्याआधी फळ्यावर लिहा, भोंग्यावरून सांगा. होडी गेल्यावर पोचलेला अंदाज काय कामाचा?