वाकळ : जुन्या कापडाचं दुसरं आयुष्य

'टाकाऊतून टिकाऊ' हे शब्द आपण सगळेच शाळेत कार्यानुभवाच्या तासाला शिकलो. आइस्क्रीमच्या काड्यांची फोटोफ्रेम आणि बाटलीची फुलदाणी व्हायची, गुण मिळायचे, आणि महिन्याभरात सगळं कचऱ्यात. म्हणजे टाकाऊचं पुन्हा टाकाऊच! मग खरा पुनर्वापर कशाला म्हणायचं? मला विचाराल तर वाकळीला. कुणी तिला गोधडी म्हणतं, आणि आपल्या बेळगाव भागात कन्नड घरांतून तीच कौदी होते.

वाकळीच्या वरखाली बहुधा जुनी सुती लुगडी असतात. आत धोतरं, चादरी, फाटके सदरे, जे असेल ते. खालचं लुगडं जमिनीवर ताणून अंथरायचं, त्यावर एकेक थर हाताने सारखा करायचा. सुरकुती राहिली की ती पाठीला कायमची टोचणार. मग लांब कच्चे टाके घालून थर अडकवायचे आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालत जायचं.

यात खरी गंमत कापडाच्या जुनेपणाची आहे. सुती कापड धुऊन धुऊन मऊ होतं, पण विरतंही. एकटं वापरलं तर टर्रकन फाटेल. तेच चार-पाच थर जवळजवळच्या टाक्यांनी बांधले की ओढ एका जागी येत नाही, सगळीकडे वाटली जाते. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. नवं खळीचं कापड घेतलंत तर सुई अडते आणि अंगाला तो मऊपणाही मिळत नाही. म्हणजे कापडाचा जो दोष, तोच इथे गुण. शिवाय वाकळ फाटली तर ठिगळ लावता येतं, वरचा थर विरला तर त्यावर दुसरं लुगडं चढवता येतं.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, आणि काही जण तिथून निसटून घाटातल्या जंगलात वसले. आज त्यांच्यात हिंदू, मुसलमान, कॅथलिक असे तिन्ही आहेत. कवंदी कोपऱ्यापासून सुरू होते. रंगीत तुकडे जोडत जोडत मध्याकडे येते. शेवटी कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे तुकडे लावतात, त्यांना 'फुलं' म्हणतात. त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. कॅथलिक घरच्या कवंदीवर कधी कधी क्रूसही दिसतो. चिंध्याच त्या, पण शिवणारीने त्यात स्वतःची खूण ठेवलेली असते.

आपली अडचण वेगळीच आहे. आपल्या कपाटात निम्मे कपडे पॉलिएस्टरचे! ते लवकर विरत नाहीत, घाम शोषत नाहीत आणि शिवताना सुईखालून सरकतात. लेगिंग्जसारखं ताणणारं कापड तर थरात सपाट बसतच नाही. असल्या कपड्यांची फार तर पिशवी होईल, पांघरूण नाही. म्हणून कपड्याचं शेवटी काय होणार, हे खरं तर तो विकत घेतानाच ठरतं.

आणखी एक गोष्ट राहून जाते. एका वाकळीत कित्येक दुपारी जातात. या दुपारी घरातल्या बायकांच्या होत्या, स्वयंपाक-धुणं उरकल्यावरच्या. 'कापड फुकटचं' म्हणताना आपण त्यांची मेहनतही फुकटात धरली. आता त्याच कामाला पॅचवर्क म्हणून दुकानात भाव येतो, तेव्हा शिवणारीच्या हातात किती पडतं हेही विचारायला हवं.

करून बघायचं असेल तर थेट वाकळीला हात घालू नका. दोन जुने सुती कुर्ते आणि एक विरलेली चादर घ्या, हातभर लांब-रुंद आसन शिवा. मुलांनीसुद्धा! दोन-तीन संध्याकाळी लागतील, बोटाला सुईही टोचेल. मग घरातल्या वाकळीवरचे टाके मोजायला बसा.