भंगार की क्लासिक?

तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आत्ता किती पांढऱ्या आणि सिल्व्हर हॅचबॅक उभ्या असतील? मोजायला जाऊ नका, कंटाळा येईल. त्यातलीच एक तुमची. ईएमआय चालू, डॅशबोर्डवर आईने चिकटवलेला गणपती, बंपरला लटकणारी लिंबू-मिरची. आता क्षणभर डोळे मिटा. चाळीस वर्षांनी हीच गाडी एका रॅलीत उभी आहे, चकाचक पॉलिश मारलेली, आणि कॉलेजची पोरं तिच्याबरोबर फोटो काढताहेत... हसलात ना?

मीही हसलेच असते. पण माझ्यासमोर हा प्रश्न आला तो कोंबडीच्या अंड्यामुळे!

मामाचं घर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. कल्याणहून माळशेजकडे जाताना उजवीकडे एक कच्चा रस्ता आत वळतो, तिथे. अंगणात आंब्याखाली सिल्व्हर रंगाची टाटा इंडिका, व्ही-टू डिझेल, २००७ ची. मामेभावाने नवी गाडी घेतली आणि ही तीन वर्षांपूर्वी ताडपत्रीखाली गेली. काच थोडी उघडी राहिली होती, तेवढ्यातून कोंबड्या आत शिरल्या. आता मागच्या सीटवर रोज दोन-तीन अंडी मिळतात आणि मामीची गाडीबद्दल काहीच तक्रार नाही. दिवाळीत भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला. मामा जवळजवळ तयार झाला होता.

“मामा, विकू नकोस. उद्या क्लासिक होईल ती,” मी म्हटलं. ओटीवर बसलेली सगळी मंडळी हसली. मग मी चिडले, आणि चिडले की मी माहिती काढते. मास कॉमचा तेवढा एक फायदा.

पहिली माहिती निराश करणारी. आपल्याकडे सरकारी व्याख्येप्रमाणे गाडी ‘व्हिंटेज’ ठरते ती पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झाल्यावर, आणि तीही मूळ रूपात असेल तर. २०२१ मध्ये केंद्राने तसे नियमच काढले. वीस हजार रुपये भरायचे, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. पण अशा गाडीने रोज ऑफिसला जायचं नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची. थोडक्यात, मामाची इंडिका व्हिंटेज होणार २०५७ साली. तेव्हा मी साठीची असेन.

‘क्लासिक’ हा शब्द मात्र कायद्याचा नाही, लोकांचा आहे. तो कधी चिकटतो, यात खरी गंमत आहे.

सगळ्यांकडे असलेली गाडी

आपल्याला वाटतं क्लासिक म्हणजे राजेरजवाड्यांची रोल्स-रॉइस. पण जगात लोकांनी सगळ्यात जास्त जीव लावला तो साध्या गाड्यांना. बीटल, १९५९ मध्ये आलेली मिनी, इटलीची चिमुकली फियाट ५००. यातली एकही कपाटात जपून ठेवायला बनवलेली नव्हती. कारकुनाने, शिक्षकाने ऑफिसला जावं, रविवारी पोरांना फिरवावं, म्हणून बनवलेल्या. इंग्लंडमध्ये तर २०१४ पासून ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ भरतो. ज्यात खास काहीच नाही अशाच गाड्यांचा मेळावा! बेस मॉडेल, मातकट रंग, हाताने खाली करायच्या काचा. गाडी जितकी सामान्य, तितकं कौतुक जास्त.

यामागचा फंडा सोपा आहे. महागडी गाडी पहिल्या दिवसापासून जपली जाते, म्हणून ती उरते. साधी गाडी वापरून वापरून संपवली जाते. लाखो असतात तेव्हा कुणी बघत नाही, आणि एक दिवस लक्षात येतं की शेवटची कधी पाहिली तेही आठवत नाही.

पद्मिनीचं हेच झालं ना? कुर्ल्यात बनलेली, फियाट ११०० च्या वंशातली प्रीमियर पद्मिनी. मुंबईत काळी-पिवळी म्हणजे पद्मिनीच. तिच्या दरवाजाचा खटका आणि मीटरचं ओझं बाहेर घेऊन फिरणारी ती गाडी आपल्याला इतकी गृहीत होती, की २००० च्या आसपास उत्पादन थांबलं तेव्हा फारसं कुणाला काही वाटलं नाही. मग शेवटची नोंदणी झालेली टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून वीस वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, आणि सगळ्या शहराला एकदम हुंदका! एक तरी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं केली.

मारुती ८०० चंही तसंच. पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांना दिली. त्यांनी ती २०१० मध्ये जाईपर्यंत सांभाळली. त्यानंतर मात्र देशातली पहिली मारुती घराबाहेर गंजत उभी होती. पुढे ती नव्यासारखी करून कंपनीच्या मुख्यालयात ठेवली गेली. पहिली गाडी होती म्हणून वाचली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत बनलेल्या बाकीच्या पंचवीस लाखांहून जास्त ८०० चं काय झालं, ते भंगारवाल्यांना विचारा.

आणि ठरवून क्लासिक करता येत नाही, याचाही पुरावा आहे. १९९९ मध्ये मारुतीने गोल दिवे आणि क्रोमची जाळी लावून ‘झेन क्लासिक’ आणली होती. नावातच क्लासिक! आठवतेय का कुणाला?

पिंपरीची पोर

आता इंडिका. माझ्या मते आपल्या पिढीच्या हॅचबॅकपैकी क्लासिकच्या रांगेत पहिला नंबर हिचा. झेनएवढा आकार, अँबेसिडरएवढी आत जागा, ८०० च्या आसपासची किंमत आणि डिझेलचा खर्च, अशी रतन टाटांची मागणी होती. ट्रक बनवणाऱ्या कंपनीने संपूर्ण कार बनवायची, हे तेव्हा अनेकांना वेडेपणाचं वाटत होतं. ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजाने आणला आणि पुण्यात उभा केला. आकार इटलीच्या स्टुडिओबरोबर बसून घडवला. १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत गाडी दाखवली, त्याच वर्षअखेरीस बाजारात आणली आणि आठवड्याभरात लाखाहून जास्त बुकिंग! सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही खूप आल्या. मग २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आली आणि तिने घर केलं. २००३ ते २००५ या काळात हीच गाडी इंग्लंडमध्ये रोव्हरचा बिल्ला लावून ‘सिटीरोव्हर’ म्हणून विकली गेली, हे माहीत होतं? मामाला सांगितलं तेव्हा त्याने ताडपत्रीकडे जरा आदराने पाहिलं.

२०१८ मध्ये इंडिका बंद झाली. तोवर ती टॅक्सीवाल्यांची गाडी झाली होती, आणि शहरातल्या लोकांनी तिच्याकडे नाक मुरडायला सुरुवात केली होती. गावाकडे मात्र गोष्ट वेगळी. म्हशाच्या जत्रेहून घोंगड्यांचा गठ्ठा, तांदळाची पोती, नवरीकडची सहा माणसं, आणि एकदा रात्री अडीच वाजता मामी स्वतः... माझी मामेबहीण त्या रात्री उल्हासनगरला जन्मली. गाडी मिळाली नसती तर कुठे जन्मली असती, हे घरात कुणी बोलत नाही.

मामाचा जुना मेकॅनिक शहापूरला, आसनगावच्या बाजूला हायवेलगत. किन्हवलीमार्गे मी त्याच्याकडे गेले. गॅरेजच्या मागे तीन इंडिकांचे सांगाडे होते. त्यांचेच पार्ट काढून तो चालू असलेल्या गाड्यांना बसवतो. गाडी जगवायची तर दोन-तीन बहिणी मरायला लागतात, हा या धंद्यातला हिशेब. त्याने मला बॉनेट उघडून दाखवलं. तेव्हाच्या या डिझेल इंजिनात पंप आहे, हीटर प्लग आहेत, बेल्ट आहे. जे बिघडतं ते दिसतं, आणि दिसतं ते पान्याने खोलता येतं.

मग त्याने माझ्या गाडीकडे बोट केलं. माझी हॅचबॅक २०२१ ची. “हिला मी काय करणार? लॅपटॉप लावावा लागतो.”

इथेच आपल्या प्रश्नाची खरी गोम आहे. २०१९ मध्ये एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. चांगलंच झालं, माणसं वाचतात, धूर कमी होतो. पण प्रत्येक गोष्टीमागे एक कंट्रोल युनिट, त्यात चिप, त्यात सॉफ्टवेअर. पत्रा गंजला तर डेंटिंगवाला नवा तुकडा जोडून देईल, रबर वितळलं तर कुठूनतरी कापून बसवता येईल. चाळीस वर्षांनी ती चिप आणि ते सॉफ्टवेअर कुठून आणायचं? तुमचा दहा वर्षांपूर्वीचा मोबाइल आठवा. टचस्क्रीन मेली की आजच्या हॅचबॅकमधली निम्मी बटणंही मेली. म्हणून मला वाटतं, आत्ता पार्किंगमध्ये उभी असलेली तुमची गाडी क्लासिक होऊ शकते, पण प्रदर्शनात उभी राहणारी. चालणारी क्लासिक व्हायचा जास्त चान्स इंडिका, ८००, पहिली झेन यांना. कुणी ठेवली तर!

ठेवणं मात्र स्वस्त नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी फिटनेस आणि री-पासिंग. एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेवरून पाच हजार झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून विशी ओलांडलेल्या कारला दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. मामाने २०२२ मध्ये एकदा केलंय. २०५७ पर्यंत आणखी सहा वेळा करायला लागेल, म्हणजे आजच्या दराने नुसती फीच साठेक हजार. भंगारवाल्याने सांगितलेला भाव यापेक्षा बराच कमी होता. शिवाय आमच्याकडचा पाऊस. चार महिने असा कोसळतो की दगडालाही शेवाळ धरतं, पत्र्याची काय कथा. वाळवंटात गाडी पन्नास वर्षं टिकते, मुरबाडात दोन पावसाळे उघड्यावर काढले की खालचा पत्रा बिस्किटासारखा मोडतो.

मामाचा युक्तिवाद याहून सरळ होता. म्हशाच्या बाजारात बैलाचा दात बघतात. कामाचा बैल किती वर्षं कामाचा, तेवढीच त्याची किंमत. म्हातारा झाला तरी दावणीला ठेवतो तो शेतकरी, पण त्याच्यासाठी चारा हवा. “चारा कोण देणार, तू?”

मी हो म्हटलं. फ्रीलान्सरने असं लगेच हो म्हणू नये, हे मलाही कळतं. पण शेड, खालून अँटीरस्ट कोटिंग आणि २०२७ ची फी माझ्याकडे, ड्रायव्हिंग मामाकडे, असं ठरलं. मामी बराच वेळ गप्प होती. मग तिने अंडी काढून घेतली, सीटवरचं गवत झाडलं आणि कोंबडीची पाटी पडवीत नेऊन ठेवली.

माझ्या गाडीला जंपर केबल लावली. मामाने चावी फिरवली, हीटरचा दिवा विझायची वाट पाहिली. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा पांढऱ्या धुराचा लोट आणि पुन्हा शांत. तिसऱ्यांदा लागली, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात. मामेबहीण धावत बाहेर आली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मामाने पहिला गिअर टाकला आणि विचारलं, “टोकावड्यापर्यंत जाऊन येऊ?”