वेतनाचा हिशेब: कायदे दोन

कडेगाव तालुक्यात वांगी येथे सोनहिरा सहकारी साखर कारखाना उभा आहे आणि शेजारच्या पलूस तालुक्यात, १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीत, शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीचा पंपांचा कारखाना. परंतु उभयतांच्या मुख्य अधिकाऱ्यांचे वेतन निरनिराळ्या कायद्यांच्या अंमलाखाली येते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ अन्वये संचालकांचे एकूण मानधन सामान्यतः निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांच्या आत असावे, त्याहून अधिकास भागधारकांच्या सभेची मंजुरी लागते. शिवाय प्रत्येक संचालकाचे मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट, हे नोंदणीकृत कंपनीस दरसाल जाहीर करावे लागते. सहकारी कारखान्यास हे कलम लागू नाही (अशी पट ऊस-उत्पादकासही कळलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे). मात्र १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार तेथे भाग कितीही असोत, सभासदास मत एकच.