घरातला डेड स्टॉक काढा, पण वाचन-गाणी-सिनेमा बंद करू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डेड स्टॉकबद्दल बोललो. वर्षभर न हललेला माल म्हणजे अडकलेला पैसा, हे दुकानाच्या बाबतीत सगळ्यांना पटतं. पण तुमच्यातले निम्मेअधिक जण घरूनच धंदा करताय. तुमचं गोडाऊन म्हणजे तुमचं घर. तिथला डेड स्टॉक कधी मोजलाय?

आमच्या बॅचमधल्या एक ताई मसाले करतात. वन बीएचके घर. ऑर्डर वाढल्या तसे पाऊच, डबे, खोके ठेवायला जागा पुरेना, म्हणून त्यांनी जवळच अडीच हजार रुपये भाड्याची खोली बघून ठेवली होती. मी विचारलं, "घरात एखादं कपाट रिकामं होईल का?" तर हॉलमधली अख्खी भिंत सासऱ्यांच्या पुस्तकांनी, जुन्या दिवाळी अंकांनी, नाटकांच्या सीडींनी आणि नाट्यसंगीताच्या कॅसेटींनी भरलेली. कॅसेट वाजवायला घरात टेप नाही. सासरे जाऊन चार वर्षं झालेली. "दादा, त्या भिंतीला हात लावला तर घरात रामायण होईल," ताई म्हणाल्या.

आता हिशोब बघा. महिना अडीच हजार म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. एका पाकिटामागे त्यांना ४० रुपये सुटतात. म्हणजे ७५० पाकिटं नुसती त्या खोलीच्या भाड्यासाठी विकायची! हा आकडा कागदावर लिहून त्यांनी नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोर ठेवला. वाद घातला नाही, आकडा ठेवला. आणि काय ठेवायचं, काय द्यायचं हे सासूबाईंनी ठरवायचं, असं आधीच सांगून टाकलं. माझ्या मते काम झालं ते इथेच. आठवणींच्या वस्तूंवर सुनेने एकटीने निर्णय घेतला असता तर भिंत रिकामी झाली असती, पण घर बिनसलं असतं.

सासूबाईंनी चाळीसेक पुस्तकं ठेवली. ज्यांच्या समासात सासऱ्यांच्या हातच्या नोंदी होत्या, ती. बाकीची बाहेर काढताना एक क्रम पाळला, तो तुम्हीही पाळा. रद्दीवाल्याला सगळ्यात शेवटी बोलवायचं. तो किलोवर घेतो. दुर्मिळ पुस्तक आणि दहावीचं गाइड त्याच्या काट्यावर सारखंच. आधी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला फोटो पाठवा, मग गावच्या वाचनालयाला फोन करा. हो, आधी फोन करा. फाटकी मासिकं आणि कालबाह्य गाइडं त्यांच्या दारात नेऊन टाकणं म्हणजे दान नव्हे, आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी.

कॅसेट आणि सीडींचं वेगळं आहे. बाजारात आलेली गाणी आज बहुतेक वेळा ऑनलाइन मिळतात. पण घरगुती रेकॉर्डिंग, म्हणजे आजोबांचा आवाज, बारशाची कॅसेट, लग्नाची व्हीसीडी, ही कुठेच मिळणार नाहीत. ती आधी मोबाइलमध्ये किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि पावसाळ्याच्या आत घ्या. दमट हवेत टेपला बुरशी धरते. उरलेलं ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

आता दुसरी बाजू. धंदा सुरू केला की पहिल्या वर्षी लोक सिनेमा बंद, पुस्तक बंद, सगळंच बंद करतात. मला हे अजिबात पटत नाही. रात्री नऊला शटर ओढल्यावर डोक्याला काहीतरी लागतंच. पुस्तक नसेल तर माणूस रील्स बघत बारा वाजवतो, आणि सकाळी दुकान अर्धा तास उशिरा उघडतो. वस्तू कमी करा, आनंद कमी करू नका.

वाचनाचंच घ्या. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, आणि सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालयं लहान गावांतही आहेत. थोडं डिपॉझिट, किरकोळ वर्गणी, आणि पुस्तक वाचून परत. कपाट लागतच नाही! दिवाळीत पाच-सहा अंक विकत घ्यायचे तर दीड-दोन हजार सहज जातात. बऱ्याच वाचनालयांत दिवाळी अंकांची वेगळी योजना असते. एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून वाचायचे.

फुकट आणि कायदेशीरही पुष्कळ आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन कॉपीराइटमधून मोकळं होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून सगळ्यांसाठी खुली आहे. मराठी विश्वकोशही ऑनलाइन मोफत वाचता येतो. ज्यांची कॉपीराइटची मुदत संपलेली नाही, त्यांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरवू नका. उद्या तुमच्या लेबलची कोणी नक्कल केली तर तुम्हाला कसं वाटेल?

गाण्यांसाठी रेडिओ. विविध भारती १९५७ पासून चालू आहे आणि आता मोबाइलवरही लागते. पॅकिंग करताना हात अडकलेले असतात, कान मोकळे असतात.

आणि सबस्क्रिप्शन! यूपीआय ॲप उघडा, ऑटोपे मध्ये जा. समजा १४९, १९९ आणि २९९ असे तीन हप्ते दर महिन्याला कापले जातायत. झाले ६४७, वर्षाचे ७,७६४ रुपये. एवढ्यात चांगलं पाऊच सीलिंग मशीन येतं. एका महिन्यात एकच ॲप ठेवा, त्यावरचं बघून झालं की बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरं घ्या. थिएटरला जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळचा शो. राष्ट्रीय सिनेमा दिनावर लक्ष ठेवा; २०२२ मध्ये त्या दिवशी तिकीट ७५ रुपये होतं, २०२४ मध्ये ९९.

हा खर्च धंद्याच्या वहीत टाकू नका. तो मालकाची उचल म्हणून वेगळा लिहा, नाहीतर नफ्याचा आकडा चुकतो. अजून एक, बॅचमध्ये हमखास विचारलं जातं म्हणून सांगतो: घरी ऐकायचं वैयक्तिक सबस्क्रिप्शन दुकानात गिऱ्हाइकांसाठी लावता येत नाही. तो सार्वजनिक वापर होतो आणि त्याला वेगळं लायसन्स लागतं. त्याच्यावर रविवारी स्वतंत्र व्हिडिओ येतोय.