हेडफोनची पत्रिका

विवाह ठरविताना पत्रिका पाहावी की न पाहावी, याविषयी वाचकांत मतभेद असतील. परंतु यंत्रांची जोडी जमविताना पत्रिका पाहिलीच पाहिजे, ती न पाहिल्यास घरात विनाकारण दुःख शिरते, असे आमचे आता ठाम मत झाले आहे. हे मत ज्या प्रसंगातून बनले, तो प्रथम सांगतो.

आमचे थोरले बंधू अण्णा हे इंदुरातील जुन्या वळणाचे गानप्रेमी. उस्ताद अमीर खाँ यांची विलंबित लय आणि देवासच्या कुमार गंधर्वांची भजने यांवर त्यांचा पिंड पोसलेला. रात्रीची जेवणे आटोपली की दोन तास गाणे ऐकावयाचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. गेल्या वर्षी वहिनींची प्रकृती ढासळली. रात्री त्यांना शांतता हवी म्हणून अण्णांनी स्पीकर बंद केला. बंगळुरूस असलेल्या आमच्या पुतण्याने ही अडचण ओळखून वडिलांसाठी एक उत्तम, महागडा हेडफोन धाडला.

अण्णांनी तो मोबाईलला एका लहानशा जोडणीने लावला. आवाज शेवटपर्यंत वाढविला, तरी गाणे दोन गल्ल्या पलीकडून ऐकू यावे तसे क्षीण. तंबोऱ्याचा खर्ज तर जणू नाहीच. चार रात्री त्यांनी प्रयत्न केला आणि पाचव्या रात्री हेडफोन पेटीत ठेवून दिला. आम्ही विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अरे, मुलाने इतकी भारी वस्तू पाठविली, ती खोटी कशी असेल? माझे कानच गेले.” त्यानंतर तीन महिने त्या घरात गाणे नव्हते. अण्णा रात्री नऊलाच अंथरुणावर पडत आणि जागे राहत.

कोडे सुटू लागले ते वहिनींमुळे. एके दिवशी त्या आम्हांस म्हणाल्या, “भावोजी, काल माझ्या मोबाईलचा साधा इअरफोन यांनी फोनवर बोलायला लावला. त्यात यांना स्वच्छ ऐकू आले. मग कान गेले कसे?” प्रश्न बिनतोड होता. आम्ही मराठीचे विद्यार्थी. विद्युत्शास्त्राचा आम्हांस गंध नाही. म्हणून हेडफोन घेऊन आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याने पेटीवरील बारीक अक्षरे वाचली आणि हसून म्हणाला, “सर, टाकी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पंप लावलाय तळमजल्यापुरता!”

त्या दिवशी गुरू-शिष्यांच्या जागा बदलल्या. त्याने आम्हांस जे शिकविले, ते वाचकांपुढे ठेवतो.

मोबाईलमधील गाणे हे मुळात आकड्यांच्या रूपात असते. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीची प्रत्येक सेकंदास ४४,१०० मोजमापे नोंदलेली असतात आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. या आकड्यांपासून पुन्हा विजेची लहर बनविणारे जे यंत्र, त्यास ‘डॅक’ म्हणतात. ही लहर नाजूक असते. तिला हेडफोनचा पडदा हलविण्याइतके बळ देणारा तो विवर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर. मोबाईलच्या बोटभर जोडणीत ही दोन्ही यंत्रे दाटीवाटीने बसविलेली असतात. बिनतारी हेडफोनात तर ती हेडफोनच्याच पोटात असतात. तेथे जोडी कारखान्यातच जमलेली असल्याने आपणांस चिंता नाही. प्रश्न येतो तो तारेच्या हेडफोनचा.

अशा हेडफोनच्या पत्रिकेत दोन ग्रह मुख्य. पहिला संरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. दुसरा संवेदनक्षमता, म्हणजे ठराविक वीज दिली असता किती मोठा आवाज निघतो ते. हे माप डेसिबलमध्ये असते. वहिनींचा इअरफोन ३२ ओहमचा होता, अण्णांचा हेडफोन ३०० ओहमचा. जोडणीतून मिळणारा विद्युतदाब जेमतेम अर्धा व्होल्ट. दाबाचा वर्ग करून त्यास संरोधाने भागले की शक्ती मिळते. त्या हिशेबाने इअरफोनला सुमारे ८ मिलिवॉट मिळत होते आणि हेडफोनला एक मिलिवॉटही पुरा नाही. स्वस्त वस्तू का गाजली आणि महाग वस्तू का मुकी राहिली, याचे उत्तर या एका भागाकारात होते.

खर्ज नाहीसा होण्याचे कारणही पुढे कळले. आवाज लहान असला की मानवी कानास खालचे स्वर इतर स्वरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखविले होते. तंबोऱ्याचा खर्ज कोठे गेला नव्हता. तो ऐकू येण्याइतके बळच त्या आवाजात नव्हते.

मग प्रत्येक हेडफोनला मोठा विवर्धक घ्यावा काय? मुळीच नाही. येथेच पत्रिका पाहण्याची गरज आहे. पाण्याचाच दृष्टांत घेऊ. विद्युतदाब म्हणजे पाणी किती उंच चढवावयाचे ते, आणि विद्युतप्रवाह म्हणजे किती पाणी वाहावयाचे ते. जर्मनीच्या झेनहायझर कंपनीचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, तर बायरडायनॅमिकचा डीटी ८८० हा ३२, २५० आणि ६०० अशा तीन संरोधांत निघालेला. यांतील उंच संरोधाच्या हेडफोनांना दाब अधिक लागतो, प्रवाह थोडा पुरतो. उलट प्रकार सपाट चुंबकीय पडद्याच्या काही हेडफोनांचा. हायफायमन कंपनीचा एचई-६ केवळ ५० ओहमचा. परंतु एक मिलिवॉट दिले असता त्यातून सुमारे ८३.५ डेसिबलच आवाज निघतो. संगीतातील क्षणिक उसळी ११० डेसिबलपर्यंत जाऊ द्यावयाची, तर त्यास सुमारे ४५० मिलिवॉट आणि तेही भरपूर प्रवाहासह लागतात. म्हणजे संरोध कमी दिसला म्हणून हेडफोन सोपा, असे समजू नये. तिसरा प्रकार स्थिरविद्युतीय हेडफोनांचा. जपानच्या स्टॅक्स कंपनीने तो १९६० साली प्रथम बाजारात आणला. त्यास शेकडो व्होल्टचा दाब लागत असल्याने स्वतंत्र विवर्धकच घ्यावा लागतो.

कानात घालावयाच्या अतिसंवेदनशील इअरफोनची व्यथा याहून निराळी. त्यास बळ नको, शांतता हवी. मोठ्या विवर्धकास तो जोडला, तर गाण्याच्या मागे सतत ‘सूं’ असा आवाज येतो आणि बटण केसभर फिरविले तरी कान फुटतात.

विवर्धकाच्या पत्रिकेतही एक ग्रह पाहावा लागतो. तो म्हणजे त्याचा स्वतःचा निर्गम संरोध. हा हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. कारण हेडफोनचा संरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. समजा, तो एका स्वरास ३२ ओहम आणि दुसऱ्यास ६४ ओहम आहे व विवर्धकाचाही ३२ आहे. तर पहिल्या स्वरास निम्मा दाब मिळेल आणि दुसऱ्यास दोन-तृतीयांश. दोहोंत अडीच डेसिबलचा फरक पडून गाण्याचा तोल बिघडेल. विवर्धकाचा संरोध एक-दोन ओहम असेल, तर हा फरक नगण्य होतो.

खरेदीत आणखी एक फसगत होते. संवेदनक्षमता कोणी एका मिलिवॉटला लिहितो, कोणी एका व्होल्टला. ३०० ओहमच्या हेडफोनवर एकाने ९७ आणि दुसऱ्याने १०२ लिहिले, तरी दोघेही खरे बोलत असू शकतात. माप कोणते, हे विचारल्यावाचून आकड्यांची तुलना करू नये.

आणि डॅक? आमच्या शिष्याने स्पष्ट सांगितले, “सर, त्यावर पैसा सर्वांत शेवटी.” साधा, परंतु नीट बांधलेला डॅकही आज मानवी कानाच्या पारखीपलीकडे शुद्ध असतो. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे आणि त्यावर खरखर असे. जे मूळ मुद्रणातच नाही, ते कोणताही डॅक परत आणू शकत नाही. म्हणून प्रथम हेडफोन, मग त्यास लागेल तेवढाच विवर्धक आणि मग डॅक, असा क्रम ठेवावा.

अण्णांसाठी आम्ही दोन व्होल्ट देणारा, आत डॅक असलेला मेजावरचा लहान विवर्धक आणला. तेराएक मिलिवॉट, म्हणजे पूर्वीच्या सोळापट शक्ती. परंतु त्याआधी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. वयोमानाने वरच्या कंप्रता थोड्या मंदावल्या आहेत, बाकी कान शाबूत आहेत, असे निदान झाले. ही तपासणी आम्ही मुद्दाम सांगतो. यंत्राचा दोष कानावर घेऊ नये, तसाच कानाचा दोष यंत्राच्या बळाने झाकूही नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकू नये. आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. विवर्धक बळ देतो. ते किती वापरावे, हा विवेक आपला.

त्या रात्री अण्णांनी हेडफोन चढविला. आम्ही समोर बसलो होतो. आम्हांस अर्थातच काही ऐकू येत नव्हते. काही वेळाने त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप ठेका धरू लागला. मग डोळे न उघडताच ते म्हणाले, “खर्ज लागला रे.” आतल्या खोलीतून वहिनींनी विचारले, “झाले का सुरू?” आम्ही होकार दिला. “मग आता दिवा मालवा,” एवढे म्हणून त्या कुशीवर वळल्या.

असो. वाचकांपैकी कोणाच्या घरी एखादे वडीलधारे माणूस “आता मला ऐकू येत नाही” म्हणून आवडते गाणे सोडून बसले असेल, तर आमची विनंती एवढीच की, त्यांच्या म्हातारपणास बोल लावण्यापूर्वी त्यांचे कान तपासून घ्यावेत आणि पेटीवरची ती बारीक अक्षरेही एकदा वाचून पाहावीत.