आईचा पीसी, ४१२ ओव्या आणि ती टक् टक्

तुमच्याही घरी असेल एक. आतल्या खोलीत, भिंतीला टेकून, अंगावर भरतकामाचं कव्हर आणि कव्हरावर इस्त्रीचे कपडे. लॅपटॉपला आपण लॅपटॉप म्हणतो, मोबाईलला मोबाईल. पण घरात कुणी ‘कॉम्प्युटर’ म्हणालं की तो म्हणजे तोच! बारावीचा निकाल त्यावर पाहिला, पहिला बायोडेटा त्यावर टाईप केला, मग नोकरी लागली आणि आपण त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आई-बाबा मात्र रोज त्याच्यावरची धूळ पुसत राहिले.

आमच्या बदलापूरच्या घरातला हा प्राणी २००९ सालचा. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. तेव्हा गल्लीत कॉलर टाईट होती आपली! २०२५च्या नोव्हेंबरात एका रविवारी आईचा फोन आला. “अगं, काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतंय. आणि आतून कुणीतरी टिचक्या मारल्यासारखा आवाज येतोय.”

काळ्या पडद्यावरचं ते इंग्रजी म्हणजे ‘डिस्क बूट फेल्युअर’. आणि टिचक्या म्हणजे हार्ड डिस्कचं डोकं. डोकं म्हणजे खरंच डोकं, त्याला हेडच म्हणतात. आतली चकती मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्यावरून हे हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. हवा तो ट्रॅक सापडला नाही की ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा मागे. टक्. टक्. टक्. हा आवाज आला की मशीन ताबडतोब बंद करायचं, नंतरचं सगळं नंतर. आईला फोनवर तेवढंच सांगितलं, “बटन बंद कर आणि लावू नकोस.”

मी काही आयटीवाली नाही. बँकेत आहे, एक्सेलपलीकडे माझी झेप नाही. जुना पीसी भंगारात देऊन नवीन आणणं मला सहज जमलं असतं. पण आत ओव्या होत्या.

आईचं माहेर जुन्नर तालुक्यातलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दर मे महिन्यात गावी गेली की आजी, आत्या, शेजारच्या म्हाताऱ्या यांच्याकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायची. तीन वह्या भरल्या होत्या. पीसी आल्यावर तिने त्या एकेक करून टाईप केल्या, नंबर घालून, विषयवार फाईली करून. माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल... एकूण ४१२. वह्या दिवाणात होत्या. २७ जुलै २०१९ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं, तोच पूर ज्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली. आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. दिवाणातल्या वह्यांचा लगदा झाला. सीपीयू टेबलावर होता म्हणून वाचला. सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी आता एक मावशीआजी सोडली तर कुणी नाही. २०११ साली आईने एक सीडी राईट करून घेतली होती. ती अर्ध्यावर जाऊन घरघरते आणि थांबते.

तर बॉस, असा सगळा मामला.

स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने सीपीयूकडे न बघताच सांगितलं, “मॅडम, फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये.” फॉरमॅट मारून! त्याचं चुकलं असं नाही म्हणणार, दहापैकी नऊ गिऱ्हाइकांना मशीन चालू हवं असतं, बाकी काही नको असतं. डेटा रिकव्हरी करणाऱ्या लॅब असतात, त्या धूळमुक्त खोलीत डिस्क उघडतात, आतले भाग बदलतात. तिथला आकडा ऐकून मी ‘सांगते’ म्हणून फोन ठेवला. आणि एका चुलतभावाने डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला दिला. हा सल्ला गेली पंचवीस वर्षं फिरतोय आणि अजून कुणाचं तरी वाटोळं करतोय. थंड डिस्कवर बाहेर काढल्यावर दव जमतं, आणि नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे... असो.

वाट दाखवली ती आमच्या ऑफिसच्या आयटी सपोर्टवाल्याने. कँटीनमध्ये एका कटिंगवर त्याने मला जे शिकवलं, ते एवढंच की यात दोन वेगळी कामं आहेत. डेटा वाचवणं हे एक आणि मशीन पुन्हा उभं करणं हे दुसरं. दोन्ही एकाच डिस्कवर करायची नाहीत. मरणाऱ्या डिस्कवर विंडोज रिपेअर करणं, चेकडिस्क चालवणं म्हणजे आयसीयूतल्या पेशंटला जिना चढायला लावणं. आधी तिची अख्खी नक्कल काढायची, आहे तशी, फाईली न उघडता. मग डिस्कला सुट्टी द्यायची.

त्यासाठी फुकटात मिळणारा एक प्रोग्रॅम आहे, जीएनयू डीडीरेस्क्यू. सिस्टिमरेस्क्यू नावाच्या पेनड्राईव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये तो आयता असतो. म्हणजे पीसी पेनड्राईव्हवर सुरू करायचा, आतल्या डिस्कला हातही न लावता. डीडीरेस्क्यूची अक्कल मला भारी आवडली. तो पहिल्या फेरीत सोपं सोपं उचलतो, अडलं की पुढे सरकतो. चांगला भाग हाती आल्यावरच तो मागे फिरून अवघड जागांकडे वळतो, कडेकडेने कुरतडतो, पुन्हापुन्हा मागतो. परीक्षेत आपल्याला बाई हेच सांगायच्या की! आणि कुठवर आलो, काय राहिलं याची नोंद एका मॅप फाईलमध्ये ठेवतो.

शनिवारी सकाळी १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क जोडून सुरुवात केली. सीपीयूचं झाकण उघडं, समोर टेबल फॅन, कारण जुनी डिस्क तापते. यूएसबी २.० असल्याने वेग बैलगाडीचा. सगळं ठीक असतं तरी तीनेक तास लागले असते. इथे शनिवार गेला, रात्र गेली. आई दर अर्ध्या तासाने येऊन विचारायची, “किती आलं?” जणू आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू आहे. मध्यरात्री वीज गेली. माझ्या पोटात गोळा! पण सकाळी पुन्हा सुरू केलं तर पठ्ठ्याने मॅप फाईल वाचली आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे निघाला. रविवारी रात्री आकडा स्थिरावला. ३२० जीबीपैकी ४१ एमबी वाचलं गेलं नाही. बाकी सगळं हातात.

जाता जाता एक गंमत. आयबीएमने १९५६ साली जगातली पहिली हार्ड डिस्क आणली, रामॅक नावाच्या मशीनमध्ये. २४ इंची ५० चकत्या, दोन फ्रिजएवढं धूड, आणि मावायचं किती तर ५ एमबीच्या आसपास. म्हणजे आमचं गेलं ते अशी आठ धुडं भरून!

आता मशीन उभं करायचं. २४० जीबीची एसएसडी घेतली, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड डीडीआर-२ रॅम आणून ४ जीबी केली. आईचं म्हणणं, “पूर्वी होतं तेच टाक.” पण एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४लाच निरोप दिला. विंडोज ७ गेलं १४ जानेवारी २०२०ला, आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ला, आमची डिस्क बसायच्या महिनाभर आधी. राहिलं ११. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, ती या मशीनला नाही. जुगाड करून ती अट चुकवता येते, पण २०२४पासूनच्या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ नावाची एक सूचना लागते. ती कोअर टू ड्युओला येतच नाही. त्यापुढे जुगाड संपतो.

म्हणून लिनक्स मिंट, त्यातही हलकी एक्सएफसीई आवृत्ती. पैसे लागत नाहीत आणि ४ जीबीत मजेत चालते. पेनड्राईव्ह तयार केला, बूट मेन्यूतून निवडला, मिंट आलं, ब्राउझर उघडला आणि एकही साईट उघडेना! प्रत्येक ठिकाणी सुरक्षेचा इशारा. मग कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं. मशीनच्या मते ते २००९ साल होतं. मदरबोर्डवरचा बटनसेल संपला की घड्याळ मागे जातं, आणि ज्याच्या दृष्टीने आजचा दिवस उजाडलाच नाही, त्याला आजची सर्टिफिकेट्स खोटीच वाटणार. सीआर २०३२, कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. तो बदलला आणि सोळा वर्षांचा प्रवास एका मिनिटात झाला.

इन्स्टॉलेशनचं काय सांगू, भाषा मराठी निवडा, नाव द्या, पुढे-पुढे-पुढे. वीस मिनिटं. एसएसडीमुळे जे मशीन चालू व्हायला चहा होईस्तोवर वेळ घ्यायचं, ते आता आधण ठेवेपर्यंत तयार. आईचा पहिला प्रश्न, “पत्ते कुठे गेले?” पत्ते टाकले.

मग तो क्षण. नकलेतून ‘ओव्या’ फोल्डर काढला, पहिली फाईल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. आईचा चेहरा बघवेना. “गेलं ना सगळं?”

गेलं नव्हतं. २००९ साली आईने टाईप केलं होतं ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये. अशा जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नाही, तर मुखवटा नाही. युनिकोडमध्ये तसं नसतं, तिथे देवनागरीला तिच्या स्वतःच्या जागा आहेत. तेव्हा पुन्हा नकलेत शिरले, जुन्या विंडोजच्या फॉन्टच्या फोल्डरमधून शिवाजी उचलला, मिंटमध्ये टाकला. फाईल परत उघडली. आई खुर्ची ओढून बसली आणि मोठ्याने वाचायलाच लागली.

सगळं युनिकोडमध्ये आणायचं काम अजून चालू आहे. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण ते आंधळेपणाने वापरू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टाईप व्हायची आणि अक्षर नंतर, युनिकोडमध्ये उलटं. शिवाय रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो. आई शिक्षिकेच्या नजरेने एकेक ओळ तपासते, लाल पेन नाही एवढंच. ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत, एक माझ्याकडे, एक पेनड्राईव्हवर, एक क्लाऊडवर. एसएसडी जाते तेव्हा टिचक्यासुद्धा मारत नाही, हे तिला सांगून ठेवलंय.

एक फाईल उघडताना मात्र कुरकुरली, ‘माहेर’. ५८व्या ओवीनंतर मोकळी जागा आणि मग एकदम ९०. आठ सेक्टर गेले होते, प्रत्येकी ५१२ बाइट. ४१ एमबीत फोटो होते, गाणी होती, विंडोजचा कचरा होता, पण नेमके हे ४ केबी लागले. ३१ ओव्या.

आईने जुन्नरला मावशीआजीला फोन लावला. वय ८४. स्पीकरवर टाकला. “नुसतं बोलून कसं येईल गं,” ती म्हणाली, “हाताला जात्याचा खुंटा नको का?” दोन दिवसांनी तिच्या नातवाने व्हिडिओ कॉल केला. ओसरीवरचं जातं पुसून मधोमध ठेवलं होतं, पाळूत मूठभर ज्वारी. आईने नवीन फाईल उघडली.

आत्तापर्यंत ९ सापडल्या आहेत, आणि चार अशा, ज्या वहीत कधी नव्हत्याच.